बटर पेपरखाली

गेल्या मार्चमधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर गाडी काढायला गेलो तर फाउंड्रीचा माणूस माझ्या गाडीजवळच उभा होता, हातात पिशवी. पिशवीतनं कुंद्याचा वास येत होता, बेळगावच्या माणसाला तो सांगायला लागत नाही, आटून आटून खरपूस तपकिरी झालेलं दूध आणि वर वेलची. ‘सर, स्वीट ऐतरी, मक्कळिगे,’ म्हणजे मिठाई आहे, पोरांसाठी, असं कन्नडमध्ये म्हणून त्यानं ती पिशवी माझ्या हातात दिलीसुद्धा नाही, गाडीच्या हँडलला अडकवली आणि चालायला लागला. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो गेटाबाहेर. आणि खरं सांगायचं तर तोंड मी फार घाईनं उघडलं नाही. कुंद्याला नको कोण म्हणतं आपल्यात? पाहुणा आला की कुंदा, पोरगं पास झालं की कुंदा, पुण्या-मुंबईला जाताना बॅगेत कुंदा. मिठाईच तर आहे, असं मनाला सांगत तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत आलो, पण हँडलला ती पिशवी हलत होती आणि माझं लक्ष रस्त्यावर कमी, पिशवीवर जास्त.

घरी बायकोनं बॉक्स उघडला. धाकट्यानं उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली, मोठीची पीयू सेकंडची, म्हणजे बारावीची परीक्षा चालू होती, तिनं पुस्तकावरच वाटी ठेवून खाल्ला. अर्धा बॉक्स संपला तेव्हा चमचा खाली कशाला तरी लागला. बायकोनं बटर पेपर उचलला तर खाली पाकीट. पाकिटाला तुपाचा डाग लागू नये म्हणून ते आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारी बाजूंनी टेप मारलेली होती. ती टेप मला अजून दिसते. किती नीट मारली होती! कडेला एकसुद्धा सुरकुती नाही, कुणीतरी निवांत बसून, काळजीनं ते काम केलं होतं. पोरं बघतायत म्हणून बायको काही बोलली नाही. पाकीट ओल्या फडक्यानं पुसलं, लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवलं, जिथं आमची कागदपत्रं आणि पप्पांचं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल असतं तिथंच, दुसरी जागा तरी कुठली होती. पोरं झोपायला गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, ‘अहो, मोजू नका.’

रात्री मी मोजले.

हे पैसे कशाचे होते ते मला पाकीट बघताक्षणी कळलं होतं. मी उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, 21 वर्षं झाली. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, बाहेरच्या फाउंड्रीतनं येतं, मशिनिंग आम्ही करतो. त्या आठवड्यात 72 नगांचा लॉट आला होता आणि तो मी होल्डवर टाकला होता. बघायला कास्टिंग अगदी छान, वर लाल प्रायमर मारलेला. पण लोखंड साच्यात ओततात ते साधारण 1,350 ते 1,400 डिग्रीला, आणि साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली असली तर तिची वाफ होते, ती बाहेर पडायच्या आत लोखंड गोठलं की आत पोकळ बुडबुडा तसाच अडकून राहतो. आम्ही त्याला ब्लोहोल म्हणतो. बहुतेक वेळा तो वरनं दिसतच नाही. आणि चुकून तोंड उघडं असलं तर मेटल पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा, झालं. त्या लॉटमधल्या एका नगावर मला रंग जरा जाड वाटला म्हणून मी स्क्राइबरचं टोक ओढून बघितलं होतं. लोखंडावर ओढलं की चकचकीत रेघ उमटते. इथं रेघ उमटलीच नाही, करड्या रंगाचा भुगा निघाला आणि माझ्या नखात जाऊन बसला. म्हणून लॉट होल्ड. आणि मार्च एंड असल्यामुळं फाउंड्रीला 31 तारखेच्या आत बिल पास करून पाहिजे होतं. आमच्या परचेसवाल्यांनाही माल पाहिजे होता. सगळ्यांनाच पाहिजे होता, नको म्हणणारा तेवढा मी एकटा, आणि माझी सही.

त्या रात्री स्वयंपाकघरात लाइट न लावता बसलो होतो, मोठीच्या खोलीच्या दाराखालनं उजेडाची पट्टी येत होती, ती जागी होती, पाठ करत होती. पाचशेच्या 50 नोटा. पंचवीस हजार. आमच्या घरात पंचवीस हजार म्हणजे काय ते मला माहिती आहे. मेमध्ये तिच्या ॲडमिशनला पहिला हप्ता भरायचा होता, सोसायटीचं कर्ज आधीच होतं. आणि डोक्यात जो आवाज चालू झाला ना, तो सैतानाचा वगैरे वाटलाच नाही मला. माझाच आवाज होता तो, चांगला, समजूतदार, पोरांची काळजी असलेल्या बापाचा. बहात्तरातले निम्मे तरी नग चांगलेच निघणार, मग सगळे कशाला अडवायचे. तू नाही घेतलेस तर वरचा कोणीतरी घेणारच. तू मागितलेस काय? नाही. मुलीसाठीच तर आहेत. 21 वर्षं इमानदारी केलीस, काय मिळालं, साधं प्रमोशन तरी. मी एकेका मुद्द्याला उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर थोडा थोडा मागं सरकत होतो, हे मला त्या वेळी कळलं नाही, नंतर कळलं. वादात मी हरत नव्हतो, पण पैसे काही हातातनं खाली ठेवले नव्हते.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. राखेच्या बुधवारपासून रविवार सोडून 40 दिवस मोजायचे, आमच्या घरी त्या दिवसांत मटण-चिकन नसतं, मी चहा सोडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर दर वर्षी उपदेश असतो, अरण्यात 40 दिवस उपाशी येशू, आणि सैतान म्हणतो धोंड्यांच्या भाकरी कर. लहानपणापासून ऐकलेलं. पण अंधारात त्या नोटा हातात धरून बसलेलो असताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सैतानानं येशूला पहिल्यांदा काय दिलं तर भाकरी. जगातली राज्यं, त्यांचं वैभव ते सगळं नंतर. उपाशी माणसाला आधी भाकरी. भाकरी खाणं काय पाप आहे काय? भूक खरी होती, चाळीस दिवसांची. म्हणजे तो आपल्या हौसेच्या दारानं आत येत नाही पहिल्यांदा, गरजेच्या दारानं येतो, आणि गरज खरी असते म्हणून आपण कडी लावत नाही. आणि येशूनं काय केलं? वाद घातला नाही. ‘असा शास्त्रलेख आहे’ एवढं म्हणून एकेक वाक्य, तीनदा, बस. माझ्यासारखे मुद्दे काढले नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायची की नाही यावर मी दोन दिवस घालवले. आमच्या ओट्यावर एक मिक्सर आहे. नऊ वर्षांपूर्वी दिवाळीत एका दुसऱ्या सप्लायरनं दिलेला. त्या वेळी मी नको म्हटलं नव्हतं. सण आहे, सगळ्यांनाच देतात, वस्तू आहे, पैसे थोडेच आहेत. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या एका लॉटमध्ये साइझ थोडी बाहेर होती, अगदी थोडी, आणि मी डेव्हिएशनवर, म्हणजे मापात सूट देऊन, पास केला. काही झालं नाही. कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाची तक्रार आली नाही, कुणाला कळलंही नाही. आणि तेच मला खुपतं. काहीतरी वाईट झालं असतं तर मी रडलो असतो, क्षमा मागितली असती, प्रकरण मिटलं असतं. झालं काहीच नाही आणि मिक्सर फारच चांगला निघाला. नऊ वर्षं रोज सकाळी त्यावर खोबऱ्याची चटणी वाटली जाते, आणि त्याचा तो घर्र आवाज सुरू झाला की मी काहीतरी काम काढून बाहेर अंगणात जातो. बायकोला ते माहिती आहे. तिनं कधी विचारलं नाही. ‘मोजू नका’ म्हणाली ती त्यामुळंच, मला ओळखून.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या चर्चमध्ये सकाळी आधी कन्नड उपासना असते, मग मराठी. त्या दिवशी झोप लागलीच नव्हती म्हणून लवकर जाऊन मागच्या बाकावर बसलो, कन्नड उपासना संपत आली होती आणि सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत होते. ‘नम्मन्नु शोधनेयोळगे सेरिसदे...’ कन्नड आम्हाला येतं, शाळेत शिकलोय, बाजारात बोलतो, पण ही ओळ मी कधी कान देऊन ऐकलीच नव्हती. शोधने. कन्नड शास्त्रात परीक्षा किंवा मोह म्हणायचा असतो तिथं हा शब्द. पण माझा कान पडला मराठी, त्याला ऐकू आलं शोधणे. आम्हाला शोधणाऱ्याच्या हाती देऊ नकोस, असं काहीतरी. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये कोणीतरी मला शोधतच आलं होतं की, माझी गाडी ओळखून, माझी वेळ ओळखून, माझ्या पोरांची आठवण काढून. आणि मग दुसरा अर्थ डोक्यात आला तो फाउंड्रीचा, शोधन म्हणजे धातू तापवून शुद्ध करणं, आतला मळ वर आणणं. बाकावर बसल्या बसल्या अंगावर काटा आला माझ्या. मला तापवून बघितलं जात होतं आणि रात्रभरात वर काय आलं होतं ते मलाच माहीत होतं.

मराठीत आपण ‘परीक्षेत आणू नको’ म्हणतो. लहानपणी मला वाटायचं ही प्रार्थना शाळेच्या परीक्षेची आहे, गणिताच्या पेपरच्या दिवशी ही ओळ मी तिप्पट जोरात म्हणायचो. पप्पांनी कधी दुरुस्त केलं नाही. मोठेपणी आमच्या पाळकांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये पैरास्मोस असा एकच शब्द आहे, कसोटीलाही तोच आणि मोहालाही तोच, वेगळे करता येत नाहीत. त्या वेळी मला ते नुसतं व्याकरण वाटलं. आता वाटतं बरोबरच आहे, ज्या पाकिटानं मला ओढलं त्याच पाकिटानं मला तपासलं, दोन पाकिटं थोडीच होती.

मराठी उपासनेत मी ती ओळ म्हणू शकलो नाही. ओठ हलवले.

घरी परत येताना पप्पांची आठवण आली. पप्पा दारू प्यायचे. गोवा इथनं किती लांब, चोर्ला घाट उतरला की झालं, तिकडची स्वस्त बाटली आमच्या गल्लीत काही नवलाची नव्हती. मी नववीत होतो तेव्हा एका गुड फ्रायडेनंतर त्यांनी सोडली. चर्चमध्ये लोक त्याला साक्ष म्हणतात, उभं राहून सांगतात, प्रभूनं एका रात्रीत इच्छाच काढून घेतली म्हणून. असं होतही असेल, मी खोटं म्हणत नाही. पप्पांचं तसं नव्हतं. त्यांची इच्छा शेवटपर्यंत होती. ते कॅम्पात कामाला होते आणि आमचं घर अनगोळला, सायकलनं यायचे, आणि दुसऱ्या गेटाच्या नेहमीच्या रस्त्यावर ते दुकान होतं. त्या दिवसापासून त्यांनी तो रस्ताच सोडला. तिसऱ्या गेटाकडनं लांबचा फेरा घालून घरी यायचे, पावसाळ्यात सुद्धा, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, छत्री उलटी होते, रेनकोटच्या आत पाणी जातं. अंधार पडल्यावर भिजून दारात उभे राहायचे, पँटचे पाय चिखलानं माखलेले, आणि आई काही न बोलता पंचा द्यायची. मी कॉलेजला गेल्यावर मोठ्या शहाणपणानं एकदा विचारलं होतं, पप्पा, विश्वास आहे ना, मग त्या रस्त्यानं जायला भीती कसली? चेन साफ करत होते ते, हात काळे. म्हणाले, ‘दुकानासमोर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यातला मी नव्हे बाबा. वास आला की संपलो मी. सगळी म्हणतात देवाकडं ताकद माग. मी वाट मागितली.’

मला त्या वेळी ते कमीपणाचं वाटलं होतं. आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की देव परीक्षा शक्तीपलीकडे जाऊ देणार नाही आणि परीक्षेबरोबरच निभावून जायचा उपायही करील. उपाय म्हणजे बाहेर पडायची वाट. योसेफाला पोटीफराच्या घरी मालकाची बायको भुलवायला लागली तेव्हा त्यानं तरी काय केलं? त्या बाईला समजावत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आणि पळूनसुद्धा त्याला तुरुंगात जावं लागलं, हे आपण रविवारशाळेत पोरांना जरा घाईघाईनं सांगतो.

याच गावात 1831 साली जन्मलेले बाबा पदमनजी, ख्रिस्ती झालेले मराठी लेखक, 1854 मध्ये इथंच बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्यात त्यांचं नाव अभिमानानं घेतात. पण मला त्यांचं ते आधीचं थांबणं जवळचं वाटतं, मनाला पटलेलं असूनही पाऊल टाकायला गेलेली वर्षं. घरच्यांच्या मायेतनं पाय निघत नाही. त्यांची गोष्ट केवढी मोठी आणि माझी केवढीशी, पण माया तीच, आणि मलाही त्या रात्री जे धरून ठेवत होतं ते पंचवीस हजार नव्हते, दाराखालची ती उजेडाची पट्टी होती.

सोमवारी सकाळी जाताना दुकानातनं अर्धा किलो कुंदा विकत घेतला, आधीचा आम्ही खाल्ला होता ना. पाकीट शर्टाच्या खिशात. फाउंड्रीच्या माणसाला बोलावून घेतलं आणि सिक्युरिटीच्या केबिनजवळ, सगळ्यांना दिसेल असं, त्याच्या हातात दोन्ही दिलं. मला वाटलं होतं तो रागावेल किंवा लाजेल. तो घाबरला. चाळिशीचा असेल, कॉलर झिजलेली. म्हणाला, ‘सर, मालक म्हणतील मीच खाल्ले.’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी इमानदारी त्या बिचाऱ्याच्या नोकरीवर येत होती. मग मी त्याच्याच मोबाइलवरनं मालकाला फोन लावला, स्पीकरवर सांगितलं की सगळे परत दिलेत, तुमच्या माणसाची यात काही चूक नाही. पलीकडनं थोडा वेळ आवाज नाही, मग ‘बरं सर, तुमची मर्जी.’ तरी त्या माणसाचं समाधान होईना, तो तिथंच नोटा मोजायला लागला, बोटाला थुंकी लावून, ओठ हलवत, एक, दोन... चाळीसच्या पुढं कुठंतरी चुकला आणि परत पहिल्यापासून सुरू करायला लागला, तर माझ्या तोंडातनं निघून गेलं, ‘पन्नास आहेत.’

त्यानं मान वर केली. ‘मोजलात काय सर?’

काही वाईट हेतू नव्हता त्याचा, सहज विचारलं. मी हो म्हटलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही, हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्यामुळंच. आता मला कोणी चांगला माणूस म्हटलं की ते ऐकू येतं. परत दिले हे खरं. मोजले होते हेही खरं. आणि त्या दोन्हीच्या मध्ये मी किती तास बसलो होतो ते एका देवाला माहिती आणि थोडंफार माझ्या बायकोला.

लॉट मी सगळा टेस्टला घेतला. नगाची तोंडं बंद करून आत हवेचं प्रेशर द्यायचं आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचं, छिद्र असलं तर बुडबुडे येतात, केसासारखी बारीक माळ. 72 पैकी 31 गळले. त्यातले काही हातोडीनं वाजवून बघितले होते तेव्हा टण्ण वाजले होते, अगदी चांगल्या मालासारखे. आमची लाइन दोन दिवस बंद राहिली, महिन्याचं टार्गेट गेलं, साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले आणि परचेसमधला एक जण कँटीनमध्ये माझ्या टेबलावरनं ताट उचलून दुसरीकडं बसला. ॲडमिशनच्या हप्त्यासाठी बायकोची दोन तोळ्यांची माळ सोसायटीत ठेवली, अजून सोडवायची आहे. मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. मिक्सर ओट्यावरच आहे. काढून टाकू म्हटलं तर बायको म्हणाली, कुणाला देणार, ज्याला द्याल त्याच्या घरी तेच वाजेल ना. त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

ईस्टरच्या रविवारी मात्र प्रार्थनेची ती ओळ म्हणता आली, हळू, पण आवाज निघाला.

लूकच्या शुभवर्तमानात अरण्यातल्या त्या गोष्टीच्या शेवटी लिहिलंय की सैतान येशूला सोडून गेला तो काही काळापुरताच. म्हणून मी आता कारखान्यात गाडी मागच्या पार्किंगमध्ये लावत नाही. तिथं शेड आहे, सावली आहे, पण संध्याकाळी तिथं कोणी नसतं. मी पुढं सिक्युरिटीच्या केबिनसमोर लावतो, कॅमेऱ्याखाली, येणारा-जाणारा सगळ्यांना दिसेल अशी. तिथं दिवसभर ऊन असतं. एप्रिल-मेमध्ये सुटताना सीट इतकी तापलेली असते की रुमाल टाकून बसावं लागतं, तरी चटका बसतोच. वॉचमन रोज म्हणतो, ‘सर, मागं सावली हाय की, हितं कशाला तापवूलालाय गाडी?’ मी हसतो, रुमाल टाकतो आणि किक मारतो.